पाचवा तास

बुधवार, फाल्गुन शुद्ध सप्तमी. डिंगोरे, नदीवरचा घाट, सकाळी आठ.

हजर: आमच्याकडची सगळी अकरा माणसं, त्यात संपत सर्वांत आधी. घोडेगावच्या वरच्या अंगाला मुक्कामी असलेले दोघे पहाटेच्या धारा उरकून थेट मोटरसायकलवर आले, कपड्यांना गोठ्याचा वास तसाच. आमचे हे. मी. तुमच्या घरची मंडळी, भावकी, एसटीतले तुमचे जुने ड्रायव्हर-कंडक्टर. आणि एका पिकअपमधून उतरलेल्या सोळा बायका, ज्यांना मी ओळखत नव्हते.

गैरहजर: कोणी नाही.

नाना, ही यादी मी घाटावरच डायरीच्या मागच्या पानावर केली. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "भाभी, हितं बी हजेरी?" हो, इथेही. हात रिकामे असले की मला काही सुचत नाही. पण अकरावं नाव लिहिलं आणि माझा पेन थांबला. धंद्याला नऊ वर्षं झाली. दिवाळीच्या पूजेला माझ्या दारात हे अकरा जण एकदाही पूर्ण जमलेले नाहीत. कोणाची सासुरवाडी निघते, कोणाचे पाहुणे येतात, कोणाला ताप भरतो. तुमच्या दहाव्याला मात्र एकाचीही अडचण निघाली नाही. तुमच्यासाठी आलेलं रडू तिथेच अडकलं आणि त्याच्या जागी जे आलं त्याला मत्सर म्हणतात. मी सरळच लिहिते. तुमच्याशी आडवळणानं बोलून कधी फायदा झाला नाही.

पिंड ठेवला आणि कावळा लगेच आला. दोन मिनिटंसुद्धा थांबावं लागलं नाही. तुम्ही ज्या एसटी डेपोत कंट्रोलर होता, तिथले एक सोबती म्हणाले, "कंट्रोलरचा कावळा हाय, लेट कसा हुईल?" सगळे रडता रडता हसले. आमच्यात पिंडाची चाल नाही, पण अर्थ मला कळतो. मागे काही राहिलं नव्हतं तुमचं. मला राग आला तो ह्याचाच. तुमचं राहिलं नसेल, नाना. माझं राहिलंय.

म्हणून आता दुपारी तीन वाजता नारायणगावात दुकानात तुमच्याच खुर्चीसमोर बसून लिहिते आहे. बुधवार, तीन ते सात. हे तुमचे तास आहेत, ह्या वेळात दुसरं काही करायला मला सुचेना.

तुम्ही पहिल्यांदा आलात ते गिऱ्हाईक म्हणून, आणि तेही तक्रार घेऊन. सासऱ्यांचं दुकान पशुखाद्याचं. पुढे आम्ही धारा काढायची मशीन विकायला लागलो. मशीन विकलं की ते बिघडतंच, आणि दुरुस्तीला पुण्याहून माणूस यायला तीन दिवस लागायचे. गाय तीन दिवस थांबत नाही. धार चुकली की कास दगडासारखी घट्ट होते, दुखते, आणि कधी कधी एक सड कायमचा जातो. म्हणून मी दुरुस्तीची सेवा सुरू केली. सुरुवातीला मी आणि संपत, दोघंच. संपत तेव्हा दुकानात सरकी पेंडेची पोती उतरवायचा. कंपनीचं पुस्तक इंग्रजीत होतं. मी गल्ल्यामागे बसून एक एक ओळ मराठीत सांगायची आणि तो समोर मशीन उघडून बसायचा. हे तुम्हाला मी बऱ्याचदा ऐकवलंय. पुन्हा ऐका. संपत माझ्या हाताखाली शिकला.

पाच वर्षांत एकाचे आठ मिस्त्री झाले. ओतूरपासून मंचरपर्यंत आणि वर घोडेगावच्या पलीकडे गोठे झाले. फोन सगळे मला, यादी माझ्या डायरीत, आणि नियम एकच: ज्याचा फोन आधी, त्याच्याकडे माणूस आधी. मला त्यात न्याय दिसायचा. लोक मात्र ओरडायला लागले. माझी तब्येत बिघडायला लागली. हे म्हणाले, कामकाज बघायला कोणीतरी वरचा माणूस ठेव. पुण्याहून एक मुलगा आला, लॅपटॉप घेऊन. त्याने एका तासात 'सिस्टीम' हा शब्द एवढ्या वेळा उच्चारला की हे दुकानात पेंड मोजायला निघून गेले. त्याला पूर्ण वेळ हवा होता. पूर्ण वेळ बसवून ठेवण्याएवढं काम आमच्याकडे नव्हतं, आणि होतं तेवढं एकटीच्यानं आवरत नव्हतं. दुसरे एक गृहस्थ आले, त्यांनी आधी त्यांची खुर्ची कुठे असेल ते विचारलं. हे म्हणाले, "अख्खा माणूस झेपत नाही आणि अर्धा कुठे मिळत नाही. तू आपली डायरीच सांभाळ."

मग एका सोमवारी तुम्ही दारात. खांद्याला खाकी पिशवी, पायात एसटीच्या काळातले काळे बूट.

"भाभी, तुमचा माणूस आमच्याकडं तीन तास उशिरानं आला."

मी माफीचं बोलणं सुरू केलं.

"भांडाय न्हाई आलो. त्या दिशी तुमच्या गाडीचा रूट काय व्हता, तेवढं सांगा."

मी डायरी उघडून वाचलं. सकाळी मंचर, मग ओतूर, मग अवसरी, मग डिंगोरे.

तुम्ही कपाळाला हात लावला. "आवो, असा रूट मी लावला असता तर डेपोनं तिसऱ्या दिशी हातात नारळ दिला असता!"

मला झोंबलं. मी म्हटलं, "मग तुम्हीच लावून दाखवा." माणूस नेमताना विचारायचे सतरा प्रश्न माझ्याकडे लिहून तयार होते. त्यातले दोन विचारून झाले आणि तिसऱ्यालाच तुम्ही उलट माझा फोन मागितलात. न उचललेले फोन बघत बसलात, वेळेसकट.

"ह्ये समदे सहा ते साडेसहा. तवा काय करता?"

"जेवते. सूर्यास्ताच्या आत. आमचा नेम आहे."

"आन् गाई तवाच धारंला येत्यात." तुम्ही फोन गल्ल्यावर ठेवलात. "तुमचा नेम मोडायचा न्हाई. गाईचा मोडत न्हाई. दोघींच्या मधी तिसरं माणूस पायजे, एवढंच हाय ह्ये."

पाच वर्षं मी त्या अर्ध्या तासाचा दोष माणसांवर, विजेवर, मोबाइलच्या रेंजवर टाकत होते. कोणी माझ्या ताटापर्यंत पोचलं नव्हतं. संपतला ठाऊक असणार. पण भाभीच्या जेवणाबद्दल बोलायचं कोणी?

"येता का मग?"

"तीन दिस. सोमवार, बुधवार, शनिवार. तीन ते सात. सातची गाडी धरून मी डिंगोऱ्याला. पाचवा तास मागायचा न्हाई, भाभी. मागितलात तर चौथा बी जाईल."

तुम्ही गेल्यावर हे म्हणाले, "मिळाला बघ तुझा अर्धा माणूस."

आता मला एक गोष्ट कळते, ती तेव्हा सतरा प्रश्नांत नव्हती. अर्धवेळ माणूस ठेवताना उरलेल्या अर्ध्याचं काय, हे विचारायची सोय नसते. विचारलं तर आपण आगाऊ ठरतो. नाही विचारलं तर चार वर्षांनी घाटावर कळतं.

तुम्ही आलात आणि आधी बाहेरच्या भिंतीवर फळा लावलात. मी विरोध केला. गिऱ्हाईकं वाचतील, कोणाकडे कधी माणूस जाणार ते सगळ्यांना दिसेल. तुम्ही म्हणालात, "वाचू द्या की. ष्ट्यांडावर टायमटेबल भितीवर असतं. कंट्रोलरच्या खिशात न्हाई." खिसा म्हणजे माझी डायरी. त्यावर मी दोन दिवस तुमच्याशी कामापुरतंच बोलले. तुम्हाला ते समजलंसुद्धा नाही, किंवा समजून तुम्ही चहा पीत राहिलात.

मग फोनची रीत. मिस्त्रीला उशीर होणार असेल तर आधी गोठ्यावर फोन करायचा. "गाडी उशिरा येती म्हणून पब्लिक भडकत न्हाई भाभी, कुनी सांगत न्हाई म्हणून भडकतं." खरं निघालं. तासभर उशीर आहे हे कळलं की माणूस शेजाऱ्याचं मशीन आणतो, म्हाताऱ्या आईला हाताने धार काढायला बसवतो. ओरडणं बंद झालं.

आणि मग मुक्काम. डोंगराकडच्या गावांतून पहाटे पाचला फोन यायचा आणि आमचा माणूस पोचेपर्यंत ऊन वर यायचं. तुम्ही म्हणालात, मुक्कामी गाडी सोडा. मला कळेना. तुम्ही समजावलंत: एसटीची शेवटची गाडी जशी वरच्या गावात रात्री थांबते आणि पहाटे तिथूनच निघते, तसा एक मिस्त्री संध्याकाळी वर जाईल, तिथेच कोणाच्या तरी पडवीत झोपेल आणि पहाटेच्या धारेला गावातच असेल. मी कागद घेतला आणि हे न जमण्याची नऊ कारणं लिहिली. परक्या माणसाला घरात कोण झोपू देईल, त्याचं जेवण, आंघोळ, बिबट्या, थंडी. तुम्ही कागद वाचलात, घडी घालून पिशवीत ठेवलात आणि संपतला घेऊन गावोगाव फिरून आलात. ज्या घरांत पूर्वी ड्रायव्हर-कंडक्टर जेवायचे, त्याच घरांनी आमच्या पोरांना जागा दिली. नऊच्या नऊ कारणं फुकट गेली. घोडेगावच्या वर आज जेवढे गोठे आपल्याकडे आहेत, ते त्या मुक्कामावर आहेत.

मी तुम्हाला धन्यवाद दिले का? नाही. मी म्हटलं, "ठीक चाललंय." तो शब्द सुधारायचा राहून गेला.

कारण तोवर दुसरी यादी सुरू झाली होती. ती तुम्ही पाहिलेली नाही. त्या वर्षीच्या डायरीत शेवटच्या पानावर आहे, वर शीर्षक: 'नानांना विचारलं, मला नाही.' कोणाला सुट्टी हवी, नानांना विचारलं. कोणाचं भांडण झालं, नानांकडे गेले. व्हॅक्यूम पंप बदलावा की दुरुस्त करावा, जे फक्त मला कळतं, तेही नानांना. आणि तुम्हाला तर मशीन उघडलं की आतलं काही ओळखू यायचं नाही! तरी ते तुमच्यासमोर पंप ठेवायचे, तुम्ही मान हलवायचात, आणि त्यांचं त्यांनाच उत्तर सुचायचं. संपतला मुलगी झाली तेव्हा पेढ्यांचा पुडा घेऊन तो आला. सोमवार होता. मी दारातच होते. तो माझ्या शेजारून आत गेला, पहिला पेढा तुमच्या हातावर ठेवला, तुमच्या पाया पडला आणि मग पुडा माझ्याकडे वळवला.

तुम्ही म्हणालात, "भाभींना आधी द्यायचा रं, येड्या."

"त्या घरच्याच हायेत, नाना," तो म्हणाला.

हे आमचे म्हणाले की हा तर मान झाला. असेल. मी यादीत लिहिलं: पेढा. क्रमांक तेवीस.

आता तो शनिवार. तुम्हाला ठाऊक आहे कोणता. संध्याकाळी विजेचा दाब एकदम वाढला आणि ओतूरच्या बाजूच्या पाच गोठ्यांतल्या मोटारी एकदम जळाल्या. फोनवर फोन. तुम्ही तीन माणसं फिरवलीत, शेजारच्या गोठ्यांतून दोन मशीन उचलायला लावलीत, फळा दोनदा बदललात. आणि सातला पाच मिनिटं असताना खडू ठेवलात, हात झटकलेत, पिशवी खांद्याला लावलीत.

मी म्हटलं, "नाना, आजच्या दिवस थांबा. एकच तास."

"गाडी सुटंल, भाभी."

"मी गाडीनं घरी पोचवते तुम्हाला."

"त्याचं न्हाई," तुम्ही म्हणालात, आणि गेलात. पाठ वळवून, बाजारातून, ष्टँडकडे. मी दारात उभी. चार वर्षांत तुमच्याकडे मी मागितलेली ती एकच गोष्ट.

त्या रात्री काय झालं हे सोमवारी तुम्हाला कळलं, पण अर्धंच. उरलेलं आज सांगते. तुम्ही गेल्यावर मी डायरी काढली. जुना नियम, आधी फोन, आधी माणूस. माझा आवाज चढला होता, मी एकाच माणसाला दोन गावं सांगितली. तेवढ्यात संपत आत आला. त्याने मला काही विचारलं नाही. खडू उचलला आणि राहिलेले गोठे फळ्यावर मांडले, बरोब्बर तुमच्यासारखे, एका रस्त्यावरची गावं एकाखाली एक. माणसं त्याप्रमाणे गेली. धारा झाल्या. एकाही गाईला इजा झाली नाही.

रविवारी सकाळी मी दुकान उघडलं. फळ्यावर संपतचं अक्षर. सुबक नाही, पण स्पष्ट. मी ओला फडका घेतला आणि फळा पुसून काढला.

नवीन काही लिहिलं नाही. नुसता पुसला. दुपारी संपत आला, काळा फळा पाहिला आणि म्हणाला, "पावसाचं पाणी आलं वाटतं पत्र्यावरून." मी म्हटलं, "आलं असेल." पावसाचे दिवस नव्हते, नाना.

सोमवारी तुम्ही फळ्याकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत. तुमच्या डोळ्यांना शेड्यूलमधली चूक लांबून दिसायची, तर ही दिसली नसेल का? तुम्ही फक्त संपतच्या हातात खडू दिलात आणि म्हणालात, "शनिवारचं पुन्हा लिही. मला बघायचंय." आणि मला, चहाच्या वेळी: "मी पाचव्या तासाला थांबलो असतो तर त्यो कवाच उभा ऱ्हायला नसता." मी म्हटलं, तुमची बस महत्त्वाची होती, एवढंच. आणि तो विषय मी दोन वर्षं असा मनात ठेवला की नानांनी मला गरजेच्या वेळी सोडलं.

मग गेल्या महिन्यातला वाद. शेवटचा. तुम्ही फळ्यावर आठवड्याचे रकाने आखत होता आणि म्हणालात, संपतचे मंगळवार-शुक्रवारचे दोन-दोन तास मोकळे ठेवा.

"कशासाठी?"

"हाय एक काम. त्याच्या जोगतं."

"आपलं?"

"न्हाई."

"मग नाही. मी घडवलेला माणूस दुसऱ्याच्या दारात पाठवणार नाही."

"म्या बी अर्धाच हाय की तुमच्या दारात," तुम्ही हसून म्हणालात.

"तुम्ही वेगळे. आणि तुमचा अर्धा कुठे असतो, ते मी कुठे विचारते?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं आता सांगाल. पण तुम्ही संपतच्या नावापुढे मंगळवार आणि शुक्रवारचे चौकोन आखलेत आणि रिकामे सोडलेत. "ऱ्हाऊ द्या. घाई न्हाई. रकाना मोकळा ठेवतो." ते चौकोन अजून तिथे आहेत, तुमच्या पट्टीनं आखलेले. कोणी पुसले नाहीत. मीही नाही.

उत्तर आज मिळालं. विधी झाल्यावर माणसं बोलायला उभी राहिली. सरपंच बोलले, डेपोतले बोलले. मग त्या सोळा बायकांमधली एक उठली. पस्तिशीची असेल, नाव सुरेखा, अवसरी बुद्रुकची. कांदा लागणीला, काढणीला, फुलं तोडायला बायकांची टोळी पुरवते. आधी बारा जणी होत्या, आता साठ आहेत. ती म्हणाली, "दादा दर मंगळवारी आन् शुक्रवारी आमच्याकडं यायचे. कुठल्या रानात किती बाया, कुठली गाडी कुणाला सोडंल, समदं भितीवर लिहून द्यायचे. आमी दादांना काय दिलं? चहा. लई झालं तर पिशवीत भाजी."

भिंतीवर. म्हणजे फळा तिथेही होता.

मी हिशेब केला, पैशांचा नाही, वाटेचा. डिंगोऱ्याहून अवसरीला जायचं तर नारायणगावात गाडी बदलावी लागते. ष्टँड माझ्या दुकानापासून चारशे पावलांवर. म्हणजे दर मंगळवारी आणि दर शुक्रवारी तुम्ही तिथे उतरत होता, पुढच्या गाडीची वाट बघत उभे राहत होता, आणि एकदाही चहाला आत आला नाहीत.

आणि मग तिने ते सांगितलं. गेल्या पावसाळ्यात त्यांची पिकअप घसरून उलटली, दोघींना लागलं. त्या दिवशी दादा सातच्या गाडीला गेले नाहीत. दवाखान्याच्या बाकावर रात्रभर बसून राहिले, सकाळी दोघींना घरी सोडून मगच निघाले.

नाना, तुम्ही आम्हाला मुक्काम शिकवलात, आणि तुमचा स्वतःचा एकमेव मुक्काम अवसरीला केलात.

कारण योग्य होतं. मला कळतं. मोटारी जळणं वेगळं, बायांची हाडं मोडणं वेगळं. पण कारण योग्य असलं की मत्सराची फार अडचण होते. बोट दाखवायला जागा उरत नाही, आणि तो आतल्या आत घुसतो. मी घाटाच्या पायरीवर बसले होते, शेजारी तुमच्या पत्नी. त्या पुढे बघतच हळूच म्हणाल्या, "चार दिस आमचं, तीन दिस भाभींचं, असं ठरलं व्हतं. दोन तिकडं गेलं, ते मला बी ठावं न्हवतं, म्या समजायची डेपोतल्या सोबत्यांकडं जात्यात." मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे. आयुष्यात प्रथमच मला वाटलं की आमच्या दोघींचं दुःख एका मापाचं आहे. त्यांनी माझा हात धरला. मग म्हणाल्या, "त्या शनिवारी तुमी गाडीनं पोचवते म्हनला व्हता ना? आल्यावर जेवले न्हाईत. म्हनले, आज भाभीला नको म्हनलं."

हे तुम्ही मला सांगायला हवं होतं. तुमच्याही यादीत ते राहिलंच की.

निघताना सुरेखा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "ताई, तुमी आमाला वळखत न्हाई. दादा म्हनायचे, माझ्यामागं संपत येईल, पण भाभींना विचारूनच. मंगळवार-शुक्रवार, दोन तास. तुमाला बोलले असतील."

"बोलले होते," मी म्हटलं. "कोणासाठी ते नव्हते बोलले."

ती गडबडली. "मग ऱ्हाऊ द्या ताई. आमचं आमी बघू." आणि तिच्या मागे उभा संपत. चपलेचा अंगठा मातीत फिरवत, माझ्याकडे न बघता. नऊ वर्षांपूर्वी मशीनचा पल्सेटर उघडताना रबर फाटलं तेव्हा असाच उभा होता. त्याला जायचं आहे. मला विचारणार मात्र नाही. मी 'नाही' म्हटलं तर तो राहील, आणि एखाद्या मंगळवारी घरचं काम काढून ष्टँडवर गाडी बदलेल, माझ्या दुकानासमोरून मान खाली घालून.

मी म्हटलं, "कळवते."

साडेतीनला संपत दुकानात आला. आज तुमच्या जागी तोच बसला आहे. कोणी सांगितलं नाही, बसला. सहाला फोन सुरू झाले. मी आत जेवायला गेले. चार वर्षांपूर्वी माझा घास तोंडात फिरायचा. आज बाहेरून संपतचा आवाज येत होता: "हा काका, माणूस निघालाय. पण पाऊण तास लागंल. तवर आईला बसवा धारंला." तुमचीच वाक्यं, तुमचाच संथ सूर. मी नीट जेवले. हे तुमचं देणं आहे, आणि हे मी मोठ्याने म्हणते आहे: नाना, धन्यवाद. आता 'ठीक चाललंय' खोडावं.

जेवून आले आणि खडू घेतला. ह्या फळ्यावर मी आजवर एक अक्षर लिहिलेलं नव्हतं, पुसलं मात्र होतं. संपतच्या नावापुढे मंगळवारच्या चौकोनात लिहिलं: अवसरी, ३ ते ५. शुक्रवारी तेच. मग सुरेखाला फोन केला. "येईल तो. दोन तास. तिसरा मागायचा नाही." ती पलीकडून हसली आणि मग रडली.

तुम्ही म्हणाल, भाभींचं मन मोठं झालं. नाही झालं, नाना. तुम्ही मला न सांगता चारशे पावलांवरून जात राहिलात. हा निदान माझ्या फळ्यावरून जाईल. कुठल्या मंगळवारी किती वाजता तो माझा नाही, हे मला माझ्या अक्षरात वाचता येईल. एवढ्यासाठीच लिहिलं.

संपतने चौकोन वाचला. मग म्हणाला, "भाभी, अक्षर तुमचं?"

"माझं."

"पत्रा नीट करून घ्यायला पायजे. त्या टायमाला पाणी आलं व्हतं, तसं आलं तर पुसून जाईल."

आता सात वाजून गेलेत. तुमची गाडी ष्टँडवरून सुटली असेल. आजच्या यादीतल्या चौदा कामांपुढे टिक आहे. पंधरावं मी घाटावरून येताना गाडीत लिहिलं होतं: संपतला सांगणे, पत्रा गळत नाही.

तो अजून बाहेर फळ्यापाशी उभा आहे, मान वर करून पत्रा बघतो आहे.